खडा मिठाचा

मंडळी, मिठाचा काचेसारखा, धारदार कोपऱ्यांचा खडा घरी वाढवायचा असेल तर त्यासाठी महाराष्ट्रातल्या उत्तम जागांपैकी एक म्हणजे मे महिन्यातलं गोंदिया. हसू नका. कारण सरळ आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेऊ लागतं. मुंबईकरांना हे सांगायला नको. जुलैमध्ये मिठाच्या डबीत तांदळाचे दाणे टाकून ठेवणारी मंडळी तीच. अशा हवेत ग्लासातलं मिठाचं पाणी आटणार कसं? पण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, हवा खडखडीत कोरडी असते, आणि खिडकीत ठेवलेला ग्लास दिवसागणिक खाली उतरताना दिसतो.

तर या वीकेंडचा विषय: मिठाचे शोभेचे स्फटिक. आणि त्यांच्यामागचा इतिहास, जो स्फटिकापेक्षा बराच खारट आहे.

आधी कृती, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. किराणा दुकानातलं खडे मीठ घ्या. १०० मिलि पाण्यात खोलीच्या तापमानाला साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. पाणी गरम करून विरघळवा, स्वच्छ फडक्यातून गाळा, निवू द्या. एका बशीत थोडं पाणी ओतून ठेवा. तीन-चार दिवसांत तळाशी बारीक चौकोनी दाणे दिसतील. त्यातला सगळ्यात नीटस दाणा चिमट्याने उचला, हा तुमचा 'सीड'. तो बारीक दोऱ्याला बांधून उरलेल्या पाण्यात अधांतरी सोडा, वर कागद झाका आणि त्याला विसरून जा. रोज उचलून बघायचं नाही. प्रॉडक्शन सर्व्हरला उगाच हात लावत नाहीत, तसंच :-)

इथे एक गंमत आहे. तुरटीचे किंवा खडीसाखरेचे खडे करताना गरम पाणी निवलं की काम होतं, कारण या वस्तू गरम पाण्यात खूप जास्त विरघळतात आणि पाणी निवलं की जास्तीचा माल बाहेर पडतो. खडीसाखरेतून निघणारा दोरा आठवतोय ना? तो त्यासाठीच असतो. मीठ मात्र हट्टी. उकळत्या पाण्यात १०० मिलिला साधारण ३९ ग्रॅम विरघळतं, म्हणजे थंड पाण्यापेक्षा फक्त तीन ग्रॅम जास्त. नुसतं निववून हाती काही लागत नाही. मिठाला बाहेर काढायचा एकच खरा मार्ग: पाणी उडून जाऊ द्यायचं.

पाणी उडून जाऊ देणं. सगळ्या कृतीत तुम्ही केलेलं काम एवढंच. बाकी ऊन करतं. आणि मंडळी, नेमकी हीच पायरी या देशात कित्येक दशकं गुन्हा होती.

अतिशयोक्ती वाटते? ब्रिटिश काळातल्या मिठाच्या कायद्यांमध्ये (१८८२ चा हिंदुस्थानचा कायदा, १८९० चा मुंबई इलाख्याचा) परवान्याशिवाय मीठ 'तयार' करायला बंदी होती, आणि 'तयार करणं' याची व्याख्या ऐसपैस होती. खारं पाणी आटवणं त्यात आलं, उकळणं आलं, क्षारपड जमिनीवर आपोआप फुललेलं मीठ खरवडून गोळा करणंही आलं. कर भरलेलं मीठ विकत आणून, विरघळवून, पुन्हा आटवलं तर काय, हा वकिली प्रश्न आपण बाजूला ठेवू. पण विहिरीचं खारं पाणी परातीत ओतून उन्हात ठेवलं आणि खाली मिठाचा थर धरला, तर तो पुरावा होता.

आता हे गोंदियाच्या नजरेतून बघा. नकाशा काढा. पूर्वेचा समुद्र सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या पुढे, मुंबईचा आठशेच्या. मध्ये घाट, जंगलं, नद्या. इथे भरपूर काय होतं? तलाव, धान, मोह, चारोळी, तेंदू. मीठ नाही. आणि भात खाऊन शेतात घाम गाळणाऱ्या माणसाला मीठ ही चैन नसते. मांसात थोडंफार मीठ असतंच, भातात जवळजवळ नसतं. तांदळाची पेज मिठाशिवाय पिऊन बघा, म्हणजे 'अळणी' या शब्दाचा अर्थ जिभेला कळेल.

मग मीठ यायचं कुठून? बैलांच्या पाठीवरून. बंजारे आपल्या हजारो बैलांच्या तांड्यांनी किनाऱ्यावरून मीठ आणायचे आणि परतताना धान्य न्यायचे. छत्तीसगढच्या धानाचा आणि किनाऱ्याच्या मिठाचा हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालला. 'लमाण' हा शब्दच 'लवण' वरून आला असं सांगतात. म्हणजे एका अख्ख्या समाजाचं नाव त्यांनी वाहिलेल्या मालावरून पडलं. आजच्या भाषेत बोलायचं तर हे त्या काळचं लॉजिस्टिक्स नेटवर्क, आणि गोंदिया-भंडाऱ्याचा हा झाडीपट्टीचा प्रदेश त्याचा शेवटचा टप्पा. शेवटच्या टप्प्याला वस्तू सगळ्यात महाग मिळते हे कुठल्याही ई-कॉमर्सवाल्याला विचारा.

किती महाग? शेजारच्या बस्तरमधलं उदाहरण घ्या. तिथल्या आठवडी बाजारांत आदिवासी माणूस चारोळी द्यायचा आणि तेवढ्याच वजनाचं मीठ घेऊन जायचा. हे विसाव्या शतकातही चालू होतं. आज पुण्यात चारोळी किलोला हजाराच्या पुढे आहे आणि मीठ पंचवीस-तीस रुपयाला मिळतं. या सौद्यात कोण नागवला जात होता हे सांगायला कॅलक्युलेटर नको. पण जंगलात राहणाऱ्याला चारोळी स्वतः तोडून मिळत होती, मीठ नाही. ज्याच्याकडे पर्याय नसतो त्याला भाव नसतो.

या महागाईवर पुढे सरकारी कर बसला. नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये डलहौसीने खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, आणि गोंदियाचा भाग ब्रिटिशांच्या मीठ-व्यवस्थेत आला. ती व्यवस्था कशी होती? मुंबई आणि मद्रास इलाख्यांत मिठावर कर कमी, उत्तरेत आणि बंगालात जास्त. १८६९ च्या सुमाराला मुंबई-मद्रासमध्ये मणाला दोन रुपयांच्या आत, उत्तरेत तीन रुपये, बंगालात सव्वातीन. (मण म्हणजे साधारण ३७ किलो.) एकाच मालाला दोन भाव असले की मधल्या सीमेवर चोरटी वाहतूक होणारच. ती अडवायला सरकारने काय केलं असेल? देशभर एक कुंपण घातलं!

थट्टा नाही. १८६९ मध्ये ही जकात-रेषा सिंधू नदीपासून मध्य प्रांतातून थेट महानदीपर्यंत गेलेली होती. लांबी सुमारे २३०० मैल, पहाऱ्यावर जवळजवळ १२,००० माणसं. तिच्या मोठ्या भागात बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर अशा काटेरी झाडांचं जिवंत कुंपण वाढवलेलं. जिथे झाड जगत नाही तिथे वाळक्या काट्यांचे ढीग किंवा दगडी भिंत. हे कुंपण जोमाने वाढवणारा अधिकारी होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, १८६७ ते १८७० या काळातला जकात आयुक्त. हो, तोच ह्यूम, ज्याने पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. इतिहासाचा विनोद कधीकधी फार कोरडा असतो.

१ एप्रिल १८७९ ला ही रेषा बंद झाली. सरकारला दया आली म्हणून नाही. राजपुतान्यातल्या सांभरसारख्या खाऱ्या सरोवरांचा ताबा सरकारने आधीच मिळवला होता, निरनिराळ्या भागांतले कराचे दर जवळ आणले होते. मीठ जिथे तयार होतं तिथेच कर वसूल होऊ लागला, मग मधल्या कुंपणाची गरज काय? १८८२ मध्ये जवळजवळ सगळीकडे मणाला दोन रुपये असा एकच दर झाला. कुंपण इतकं विसरलं गेलं की १९९० च्या दशकात रॉय मॉक्सहॅम नावाच्या एका इंग्रज गृहस्थाला त्याचे अवशेष शोधत गावोगाव हिंडावं लागलं. २००१ मध्ये त्याचं त्यावरचं पुस्तक आलं.

पण बघा, कुंपण जमिनीवरून गेलं आणि कायद्यात जाऊन बसलं. 'कुठून कुठे नेलंस' हा प्रश्न संपला, 'कुणी बनवलंस' हा राहिला. आणि मिठाला बनायला लागतं काय? खारं पाणी आणि ऊन. त्यातलं ऊन तर सरकारच्या बापाचं नव्हतं.

दरम्यान रेल्वे आली. मुंबईहून नागपूरपर्यंत १८६७ मध्ये, आणि नागपूरहून पूर्वेकडे राजनांदगावपर्यंतची मीटरगेज १८८० ते १८८२ च्या दरम्यान. गोंदिया याच मार्गावर. पुढे बेंगॉल नागपूर रेल्वेने ही लाइन घेऊन ब्रॉडगेज केली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरकडे जाणारी नॅरोगेज फुटली, आणि गोंदिया मोठं जंक्शन झालं. मीठ आता वॅगनमधून येऊ लागलं, वेळ वाचला. बंजाऱ्यांचा धंदा मात्र बसला, आणि १८७१ च्या कायद्याखाली पुढे काही भागांत त्यांना चक्क 'गुन्हेगार जमात' ठरवण्यात आलं. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या मुलखाला मीठ खाऊ घातलं त्यांच्या वाट्याला हे आलं. मीठ खाल्ल्याला जागणं वगैरे म्हणी सरकारला लागू नसाव्यात.

वाहतूक स्वस्त झाली तरी कर होताच. १८८८ मध्ये दर अडीच रुपये झाला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ च्या अर्थसंकल्पावरच्या भाषणात मिठाचा कर कमी करा म्हणून सरकारला धरलं, नंतर दर उतरत गेला: १९०३ ला दोन, १९०५ ला दीड, १९०७ ला एक रुपया. १९१६ ला पुन्हा सव्वा. १९२३ मध्ये विधिमंडळाने नाही म्हटलं तरी व्हॉइसरॉयने आपल्या अधिकारात दुप्पट, म्हणजे अडीच रुपये केला, पुढच्याच वर्षी परत सव्वा. सरकारचं बजेट बिघडलं की गरिबाच्या पेजेत हात घालायचा, असा हा आलेख आहे.

आणि मग १९३०. ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला चिमूटभर मीठ उचललं. शाळेत आपण सगळे इथवर शिकलो. पण शाळेत न विचारलेला प्रश्न असा: ज्यांच्याकडे समुद्रच नाही त्यांनी काय करायचं?

उत्तरं भन्नाट आहेत. अकोल्याजवळ पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथल्या विहिरींचं पाणी खारट. एकेकाळी त्या पाण्यापासून मीठ काढत. त्या पट्ट्यातल्या दहीहंड्याला एप्रिल १९३० मध्ये वऱ्हाडातला मिठाचा सत्याग्रह झाला, विहिरीच्या पाण्यावर. गोंदियाहून त्याच रेल्वेमार्गाने पूर्वेला गेलं की रायपूर. तिथे खारी विहीरही नाही. तिथे पंडित रविशंकर शुक्ल यांनी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडा एकत्र करून मीठ बनवलं आणि कायदा मोडला! दहावीच्या रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल: आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी. जगात बहुधा फार कमी वेळा हे समीकरण सत्याग्रह म्हणून लिहिलं गेलं असेल.

पण मध्य प्रांताच्या जंगलपट्टीत लोकांनी आणखी वेगळा विचार केला. आपल्याकडे मीठ नाही, पण जंगल आहे, आणि सरकारने तेही बंद केलंय. गवत कापायला परवाना, लाकडाला परवाना, गुरं चारायला पैसे. मग मोडायचा तर जंगलाचा कायदा मोडू. १० जुलै १९३० ला बापूजी अण्यांनी पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रह केला, आणि तो प्रांतभर पसरला. ९ ऑक्टोबर १९३० ला शिवनी जिल्ह्यातल्या तुरिया गावात पोलिसांनी गोळीबार केला. चार माणसं मेली, त्यांत तीन बायका. तुरिया नाव ओळखीचं वाटतंय? पेंचच्या सफारीसाठी आपण ज्या 'तुरिया गेट'ने आत जातो तेच. पुढच्या वेळी जिप्सीची वाट बघत उभे राहाल तेव्हा वाघाआधी या चार जणांची आठवण काढा.

५ मार्च १९३१ ला गांधी-आयर्विन करार झाला. मिठाबद्दल सवलत मिळाली, पण कुणाला? जिथे मीठ नैसर्गिकरीत्या मिळतं किंवा बनतं त्याच्या लगतच्या गावांतल्या लोकांना, आपल्या गावापुरतं. म्हणजे किनाऱ्याला. गोंदियाच्या माणसाला त्यातून चिमूटभरही मिळालं नाही. त्याला वाट बघावी लागली १ एप्रिल १९४७ पर्यंत. त्या दिवसापासून मिठावरचा कर रद्द झाला.

मला या सगळ्या कहाणीत एक गोष्ट फार लागते. तटस्थपणे बघितलं तर मिठाइतकी लोकशाही वस्तू नाही. १९१३ मध्ये विल्यम लॉरेन्स ब्रॅगने क्ष-किरणांनी मिठाच्या आतली रचना उलगडली. अगदी सुरुवातीला उकललेल्या स्फटिकांमध्ये मीठ होतं, आणि १९१५ चं नोबेल बाप-लेकांना मिळून मिळालं. आत दिसलं काय? प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. कुणी मधला नाही, कुणी कडेचा नाही. एक मिलिमीटरच्या दाण्याच्या एका कडेवर हा चौकोनी घडा साधारण १८ लाख वेळा एकापुढे एक मांडलेला असतो. राजाच्या ताटातलं मीठ आणि पेजेतलं मीठ, आतून तंतोतंत एक. भेद सगळा बाहेरचा: कुणाला बनवायची परवानगी, कुणाला किती भाव.

स्वातंत्र्यानंतर सरकार मिठातून पूर्ण बाहेर पडलं असं नाही. गलगंडाच्या बंदोबस्तासाठी १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि मिठात आयोडीन आलं. खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला मे १९९८ मध्ये देशभर बंदी झाली, सप्टेंबर २००० मध्ये ती उठली, मे २००६ मध्ये परत आली. त्यावर वादही झाले, आणि वाद घालणाऱ्यांना दांडी आठवणं साहजिक होतं. पण फरक आहे. जुना कायदा मिठातून पैसा काढायला होता, हा मिठात औषध घालायला आहे. शिवाय आता घरात खारं पाणी आटवलं म्हणून कुणी दार वाजवत नाही.

याच आधुनिक मिठामुळे तुमच्या स्फटिकाची एक अडचण होते, ती सांगून टाकतो. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात बघा, बऱ्याचदा 'आयएनएस ५३६' असतं. हे पोटॅशियम फेरोसायनाइड, मीठ मोकळं राहावं म्हणून अगदी किंचित घातलेलं. नाव भीतीदायक असलं तरी त्या प्रमाणात ते खायला सुरक्षित मानलेलं आहे. पण ते स्फटिकाच्या पृष्ठभागावर चिकटतं आणि वाढ अडवतं. त्यामुळे पाकिटातल्या मिठाचे नीटस घन होत नाहीत, ग्लासाच्या कडेने पांढरं बुरशीसारखं काहीतरी चढत जातं. म्हणून सुरुवातीला खडे मीठ म्हटलं, त्याच्याही पाकिटावर हा आकडा नाही ना ते बघून घ्या. रंगाचाही मोह नको. खाण्याचा रंग मिठाच्या स्फटिकात शिरत नाही, पाण्यातच राहतो. निळाच हवा असेल तर शेतकरी फवारणीला वापरतात तो मोरचूद सुंदर निळे खडे देतो, पण तो विषारी आहे. स्वयंपाकाची भांडी आणि लहान मुलं त्याच्यापासून लांब.

मिठाचा खडा बिनरंगाचाच छान दिसतो. आपल्या भाषेला हे आधीच ठाऊक होतं. 'लावण्य' हा शब्द 'लवण' वरून आलाय.

तेव्हा पुढच्या मे महिन्यात कुणी गोंदियाला, नागपूरला, अकोल्याला सुट्टीत जाणार असाल तर एक ग्लास खिडकीत ठेवा. पंधरा दिवस पुरतील. पाऊस लागायच्या आत खडा बाहेर काढा, टिपकागदाने कोरडा करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, नाहीतर जुलैत त्याचं पाणी होईल. आणि घरातल्या पोरांनी विचारलं की हा कसा केला, तर कृती सांगाच. सोबत हेही सांगा की आपल्या पणजोबांना हे करायची मुभा नव्हती.